आर्मांडच्या दुकानातलं शेवटचं माप

मित्रांनो, मी एक जुनी पट्टी आहे. घाबरू नका, शाळेत हातावर बसते ती पट्टी मी नव्हे. मी पायाचं माप घेणारी पट्टी. टाच टेकायला मागे खोलगट वाटी, बोटांपाशी सरकणारी एक दांडी, रुंदी बघायला बाजूला दुसरी, आणि अंगभर कोरलेले आकडे. त्यातले निम्मे आता पुसले गेले आहेत. हल्ली मी अमेरिकेतल्या श्रूजबरी गावी, सुचित्रा आणि देवदत्त यांच्या घरी असते. मराठी मी इथेच, उतारवयात शिकले. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

माझा जन्म कारखान्यातला. लखलखीत अंगाने मी शेजारच्या वुस्टर शहरात, मेन स्ट्रीटवरच्या एका बुटांच्या दुकानात आले, तेव्हा दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. त्याच आठवड्यात सैन्यातून परतलेला एक लाजरा तरुण तिथे नोकरीला लागला. त्याचं नाव आर्मांड. मालकाने मला त्याच्या हातात दिलं आणि आमची दोघांची उमेदवारी एकदमच सुरू झाली. बुटक्या स्टुलावर बसायचं, गिऱ्हाइकाची टाच तळहातावर घ्यायची आणि अलगद माझ्यावर टेकवायची, हे त्याचं काम. गार धातूचा स्पर्श झाला की लोक पाय आखडून घ्यायचे. म्हणून हिवाळ्यात तो आधी मला शेगडीपाशी शेकून घ्यायचा. इतका जीव कोण लावतं हो एका पट्टीला?

आमच्या दुकानाच्या बरोबर डोक्यावर नाचाचा हॉल होता. शनिवारी संध्याकाळी सगळा रस्ता त्या हॉलसाठी नटायचा. पलीकडे मोज्यांचं आणि रिबिनींचं दुकान, कोपऱ्यावर टोपीवाला, त्याला लागून भाड्याने सूट देणारा शिंपी. समोर आइस्क्रीम सोड्याचं दुकान होतं. तिथे एका ग्लासात दोन नळ्या घालून जोड्या अशा बसायच्या की सोडा संपला तरी नळ्या सुटत नसत. आणि बुटांसाठी मात्र सगळे आमच्याकडे. नाचाचे बूट गुळगुळीत चामडी तळाचे लागतात, रबरी तळावर गिरकी घेता येत नाही.

वर वाद्यं सुरू झाली की आमचं छत धडधडायचं, दिवे झोके घ्यायचे आणि खोक्यांवर बारीक धूळ पडायची. एखाद्याचा पाय जोडीदारणीच्या पायावर पडला की सोमवारी स्वारी तक्रार घेऊन हजर. नाचता येईना अंगण वाकडं, असं तुम्ही म्हणता ना? आमच्याकडे अंगणाच्या जागी बूट असायचे. आर्मांड हसायचा नाही. पुन्हा माप घ्यायचा, आणि जाता जाता हळूच सांगायचा की डावा पाय आधी टाका.

एका शनिवारी रिबिनीच्या दुकानातली लोरेन टाचेला फोड आला म्हणून लंगडत जिना उतरून आली. आर्मांडने तिचं माप घेतलं. माप घ्यायला इतका वेळ त्याला आधी कधी लागला नव्हता. मी काय ते समजले. पुढे त्यांचं लग्न झालं. पण शनिवार म्हणजे धंद्याचा दिवस. दुकान बंद करून तो जिना चढेपर्यंत वर शेवटचं गाणं लागलेलं असायचं. तेवढं एक गाणं दोघं नाचायचे. त्यांची पावलं छतावर कुठे पडतात ते मला खालून ओळखू यायचं.

मग दिवस फिरले. लोकांच्या घरी टीव्ही आले, गावाबाहेर मोठमोठे मॉल आले. टोपीवाला गेला, शिंपी गेला, सोड्याच्या दुकानात विम्याचं ऑफिस आलं. वरच्या हॉलमध्ये कुणीतरी गालिच्यांचं गोदाम केलं, आणि तेही उठल्यावर तिथे फक्त कबुतरं नाचू लागली. मालक म्हातारे झाले तेव्हा आर्मांडने दुकान स्वतःकडे घेतलं. पण आता माप कोण देणार? लोक यायचे, "नऊ नंबर द्या" म्हणायचे आणि खोकं उचलून चालू लागायचे. पाय म्हणजे काय दगड आहे? वयाबरोबर तोही पसरतो, एक पाय दुसऱ्याचं ऐकत नाही. पण सांगायचं कुणाला? मला फार राग यायचा. लोरेन गेली त्या वर्षी तर आर्मांडने मला खालच्या खणात ठेवून दिलं. मी तिथे अंधारात पडून राहिले.

अखेर तीन वर्षांपूर्वी, दोन हजार चार साली, इमारत विकली गेली. आर्मांडची ऐंशी उलटली होती. काचेवर दुकान बंद होत असल्याची पाटी लागली, आणि त्याच दिवशी त्याने मला खणातून काढून फडक्याने पुसलं. टपाल घेऊन येणाऱ्या माणसाला तो म्हणाला की जाण्याआधी फक्त एकदा कुणाच्या तरी पायाचं नीट माप घ्यायचं आहे, आणि त्या मापाचा बूट घालून त्या माणसाला चालताना बघायचं आहे. बस, एवढंच.

साधी इच्छा, पण पुरी होईना. स्वस्तात बूट मिळतात म्हणून गर्दी लोटली. प्रत्येकाला तो मला दाखवून खुर्चीकडे हात करायचा आणि प्रत्येकजण घड्याळाकडे बघायचा. असं करता करता शेवटचा दिवस उजाडला.

त्या दुपारी सुचित्रा आपल्या सासूबाईंना घेऊन आली. शोभनाबाई सांगलीहून मुलाकडे, देवदत्तकडे, कायमच्या राहायला आलेल्या. जन्मभर चपला वापरलेल्या त्या पायांना मॉलमधला एकही बूट सरळ बसेना. म्हणून मुलाचे जुने बूट कापूस कोंबून घालायच्या. त्यात दोनदा पडल्या, आणि आता त्यांनी घराबाहेर पडणंच सोडलं होतं. सुचित्रा ऑफिसला जाताना आमची पाटी बघायची, म्हणून तिने ही शेवटची आशा धरली होती.

आर्मांडला हर्ष झाला. त्याने त्यांना खुर्चीत बसवलं, गुडघे सावरत स्टुलावर बसला आणि त्यांच्या पायाकडे हात नेला. शोभनाबाईंनी विस्तवाला पाय लागावा तसे दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"आई, इट्स ओके," सुचित्रा म्हणाली. "ते मेजर करतायत फक्त. त्यांचं प्रोफेशन आहे ते."

"असेल. पण माझ्या थोरल्या भावाच्या वयाचे आहेत ते. त्यांनी माझ्या पायाला हात लावायचा? मला पाप नको. चल घरी."

सुचित्राने परोपरीने समजावलं, पण बाई ऐकेनात. शेवटी अवघडून तिने आर्मांडला इंग्रजीत सगळं सांगितलं. आमच्यात लहानांनी मोठ्यांच्या पाया पडायचं असतं, तुम्ही मोठे, म्हणून तुमचा हात त्यांच्या पायाला चालत नाही. आर्मांडने मान हलवली. मला मांडीवर घेऊन तो माझे पुसलेले आकडे अंगठ्याने चाचपत बसला. मला वाटलं, संपलं.

शोभनाबाई त्याच्याकडे बघत होत्या. काय दिसलं त्यांना कोण जाणे. त्या उठल्या, पदर खांद्यावरून घेतला आणि वाकून त्यांनी आर्मांडच्या बुटांना हात लावून नमस्कार केला.

त्याला वाटलं बाईंना चक्कर आली. तो धरायला धावला, तेव्हा सुचित्राने त्याला थांबवलं. डोक्यावर हात ठेवा, ती म्हणाली, आणि काहीतरी चांगलं बोला. काय बोलू, त्याने विचारलं. मनात येईल ते. आर्मांडने थोडा विचार केला आणि तो इंग्रजीत म्हणाला, "देव तुम्हाला तुमच्या पायांवर चालतं ठेवो."

सुचित्राने त्याचं मराठी केलं आणि शोभनाबाईंचे डोळे भरून आले.

"हातीपायी धड असू दे, एवढंच तर मी रोज मागते ग. यांना कसं कळलं?" मग त्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी पाय पुढे केला. "सांग त्यांना, घ्या म्हणावं माप. मी पाया पडून त्यांना मोठेपणा देऊन टाकलाय, आता दोष नाही."

आर्मांडने त्यांची टाच तळहातावर घेतली आणि माझ्यावर टेकवली. उजवा पाय डाव्यापेक्षा मोठा निघाला, आणि पुढून चांगला रुंद. माप झाल्यावर शोभनाबाईंनी पाय उचलला, आणि वाकून मला बोटं लावून ती डोळ्यांना लावली. पाय लागला म्हणून! इतकी वर्षं पाय सोसले मी, माफी कुणी मागितली नव्हती. त्यांना बिचाऱ्यांना वाटलं, आपण काही विशेष केलं नाही.

आर्मांडने मागच्या फळीवरून तपकिरी, नाडीचा, रुंद तोंडाचा जोड काढला. नाड्या स्वतः बांधल्या. शोभनाबाई दारापर्यंत गेल्या, वळल्या, परत आल्या. मग कुणी न सांगता पुन्हा एक फेरी मारली, या वेळी जरा ऐटीत. आर्मांड नुसता बघत होता.

"आयुष्यभर मी लोकांच्या पायांशी बसलो," तो सुचित्राला म्हणाला, "माझ्यासमोर कुणी वाकलं नव्हतं."

बाहेर अजून चांगलं ऊन होतं, गिऱ्हाइकं येण्याची वेळ होती. पण त्याने उठून दाराला कुलूप लावलं. मला एका खोक्यात घालून शोभनाबाईंच्या हाती दिलं. निघताना माझा मात्र पाय निघेना, मला पाय नसूनही.

आज तिथे गाड्या उभ्या करायचं आवार आहे. इथे माझी पंचाईत अशी झाली की मी पायाची, म्हणून देवघरात चालत नाही, आणि चपलांपाशी ठेवायला शोभनाबाई तयार नाहीत. म्हणून मी पुस्तकांच्या कपाटावर राहते. दर दिवाळीला त्या फराळाचा डबा घेऊन आर्मांडकडे जातात. एकाला दुसऱ्याची भाषा येत नाही. तो आधी त्यांचे बूट बघतो, मग चकली खातो.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असं मीही सांगू शकते. पण आमचं काय, आम्ही कपाटावरही राहतो. तुम्ही बूट घ्यायला जाल, तेव्हा कुणीतरी तुमच्यासमोर गुडघे टेकून बसेल. पाय पुढे करण्याआधी त्याचं नाव विचारा.