मागून येते ती

“पहिला चमकला म्हणून उठून बसू नकोस, पोरी. तो गाढवमाऱ्या. मागून येते ती मी.”

सासू जाऊन चार वर्षं झाली, तरी पहाटे डोळा उघडायच्या आधी मारिपाला हे वाक्य ऐकू येई. आजही आलं, आणि पाठोपाठ बाहेरच्या दाराची कडी वाजली. ती उठली, डोक्याला रुमाल गुंडाळला आणि अनवाणीच दारापर्यंत गेली. सासरे अंगणात उभे होते. अंगात कापूस भरलेला लांब चापान, पायांत गुडघ्यापर्यंत बूट, हातात काठी, तोंड पूर्वेकडे.

“अता, गारठा किती पडलाय! आत चला.”

“जरा बघ ना, सूनबाई. मला टेकडीवर एकच पुसट दिवा दिसतोय. कोण आहे तो?”

मारिपाने पाहिलं. आकाशात दिवे दोन होते. एक उंचावर, पिवळसर, ठाण मांडून बसल्यासारखा गुरू, म्हणजे सासूचा गाढवमाऱ्या. दुसरी खाली, टेकडीच्या माथ्यावर नुकतीच पाऊल ठेवलेली शुक्राची चांदणी, पांढरी, टपोरी. पंचवीस वर्षं ती मुलांना ग्रह शिकवत होती. चुकायचा प्रश्नच नव्हता.

“गाढवमाऱ्याच आहे,” ती म्हणाली. “वेळ आहे अजून. पडा जरा.”

“असं होय.” अतांनी मान हलवली. “माझेच डोळे फसवे.” आणि काठी टेकत ते आत गेले.

ही चौथी पहाट होती.

वसंतात, बर्फ वितळून अंगणात चिखल झाला होता तेव्हा अतांनी तिला विचारलं होतं, “मला एकदा हिवाळी तळावर नेशील? तिच्यापाशी बसून यायचंय थोडं.” तळ तिथून चाळीस किलोमीटर. मेंढरं विकल्यापासून तिकडे कुणी जात नव्हतं. तिथल्या टेकाडावर सासूची कबर होती आणि पडका गोठा. रस्ता नावापुरता. त्या दिवशी मारिपाच्या गाईला वासरू झालं होतं, वह्या तपासायच्या पडल्या होत्या. ती म्हणाली, “पहाटेची चांदणी पहाटेला येऊ दे, अता. आली की नेते. माझा शब्द.” तेव्हा चांदणी संध्याकाळी पश्चिमेला दिसत होती. ती पहाटेला कधी यायची याचा हिशेब मारिपाच्या डोक्यात तयार होता, आणि शरद ऋतू तेव्हा फार लांब वाटत होता. अतांना ही अट मनापासून आवडली. उभ्या जन्मात त्यांनी प्रवासाला निघताना त्याच चांदणीची वाट पाहिली होती.

त्यांच्या भाषेत ती चांदणी म्हणजे शोल्पन. आणि सासूचं नावही शोल्पन. सासरच्या मोठ्या माणसांचं नाव सुनेनं तोंडातून काढायचं नाही, म्हणून लग्न झाल्यापासून एकतीस वर्षं मारिपाने तो शब्द उच्चारला नव्हता. घरात ती ‘पहाटेची चांदणी’ म्हणे, शाळेत पुस्तकातलं नाव घेऊन वेळ निभावून नेई.

आता शरद आला होता, चांदणीही आली होती. फक्त मारिपाच्या अंगात काही उरलं नव्हतं. पहाटे धार, मग कोळशाची भट्टी, मग अतांचं खाणं आणि डोळ्यांत औषध, मग शाळा, पुन्हा धार. नवरा गेल्यापासून गाडीही तीच चालवी. शनिवार तेवढा हाताशी उरे, आणि त्या दिवशी तिला नुसतं भिंतीकडे तोंड करून पडावंसं वाटे. पहिल्या पहाटे खोटं बोलताना तिने स्वतःला सांगितलं होतं, आजचा दिवस फक्त. दुसऱ्या पहाटे काही सांगितलं नाही.

ती हातपाय धुऊन नमाजाला उभी राहिली. पहाटेच्या दोनच रकाती, नमाजाची दोन आवर्तनं, लहानपणापासून न चुकलेली. तरी मध्येच तिला उमगेना की ही पहिली की दुसरी. तिने पुन्हा सुरुवातीपासून केली.

शाळेत स्वयंपाकीण कुल्यान चुलीपाशी गाजरं चिरत होती. मारिपाने मोठी कढई मागितली. ती दरवर्षी ग्रहांच्या धड्याला मागे.

“ने बाई तुझा सूर्य,” कुल्यान म्हणाली. “पण आज शुक्रवार आहे. मला दुपारी कणकेचे शेल्पेक तळायचेत. बाराच्या आत सूर्य जागेवर हवा.”

“आणते.”

“आणि गेल्या वर्षी शनी म्हणून माझा कांदा नेलास, तो काही परत आला नाही.”

“खाल्ला असेल कुणीतरी.”

“कच्चा शनी खाल्ला? तरीच त्या अल्दियारचं पोट वर्षभर दुखतंय!” कुल्यान स्वतःच खो खो हसली, मग सुरी खाली ठेवून तिने मारिपाकडे नीट बघितलं. “तोंड बघ आरशात. झोपतेस का नाहीस?”

“अता पहाटे उठतात ना.”

“म्हाताऱ्याला या वयात कुठे जायची घाई झालीय?”

मारिपाने रुमालाच्या टोकाने कढईच्या काठाची काजळी पुसली आणि ती उचलली.

शाळेच्या मागे कुंपण नव्हतं, सरळ माळच सुरू होई. पाचवीच्या मुलांनी कढई जमिनीवर पालथी घातली. हा सूर्य. “एवढा सूर्य धरला, तर पृथ्वी केवढी?” मारिपाने विचारलं, आणि रुमालाची गाठ सोडून वाटाण्याचा एक दाणा अल्दियारच्या तळहातावर ठेवला. मुलं ओरडली. कुणाचा विश्वास बसेना.

मग तिने एकेकाला वाटणी केली. बुधाला ज्वारीचा दाणा, सत्तर पावलांवर. शुक्राला वाटाणा, पृथ्वीच्या वाटाण्याची जुळी बहीणच जणू. तो तोल्गनायला मिळाला. पृथ्वी एकशेऐंशी पावलांवर, तिच्यापुढे लाल मसुरीचा मंगळ. पुढच्यांना मात्र पाठवता येईना. गुरूचा थोरला कांदा जायला हवा होता पाण्याच्या टाकीपर्यंत, शनीचा त्याच्या दुप्पट. युरेनस आणि नेपच्यून म्हणून कुरुतचे, म्हणजे सुकवलेल्या दह्याचे, दोन वाळके गोळे होते, आणि नेपच्यूनची जागा पार रेल्वेच्या फाटकापाशी येत होती.

“म्हणजे मधे नुसता माळ?” एक मुलगी म्हणाली.

“नुसता माळ. आणि तरी सगळे त्या कढईशी बांधलेले. कुणी सोडून जात नाही.”

“आणि गुरूला गाढवमाऱ्या का म्हणतात, आपाय?”

“तूच सांग. तुला माहीत आहे.”

“हिवाळ्यात तांडेवाल्यांना वाटलं शोल्पन उगवली, आता उजाडणार! म्हणून निघाले. तर तो गुरू होता. उजाडेचना, उजाडेचना, आणि गाढवं गारठून मेली!”

“बिचारी गाढवं,” अल्दियार म्हणाला. “माणसं चुकली, ती मेली.”

मारिपाने त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. मग सगळ्यांना कढईजवळ बोलावलं, कारण पुढचं लांबून समजलं नसतं. अल्दियारला सूर्याकडे तोंड करून उभं केलं आणि तोल्गनायला कढईभोवती फिरायला लावलं. ती डाव्या हाताला असली की सूर्य मावळल्यावर दिसते. मग ती पृथ्वी आणि सूर्याच्या मधून जाते, तेव्हा काही दिवस कुणालाच दिसत नाही.

“तेव्हा ती कुठे असते?” तोल्गनायने विचारलं.

“असतेच. उजेडात हरवते, एवढंच. मग उजव्या हाताला निघते, तेव्हा सूर्याच्या आधी उगवते.”

“मग आज मी कुठे उभी राहू? अगदी आजच्या दिवशी?”

मारिपाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. डावीकडे सरकवलं असतं तरी पाचवीतल्या मुलांना काय कळणार होतं? पण हाताला पंचवीस वर्षांची सवय होती. त्याने मुलीला उजवीकडे नेऊन उभं केलं.

“म्हणजे पहाटे!” अल्दियार ओरडला. “मी बघितली, गाय सोडताना!”

तोल्गनायच्या कपाळाला आठी पडली. “पण तुमचे बेकेन अता तर म्हणाले, अजून उगवली नाही.”

“कधी म्हणाले?” मारिपाने विचारलं.

“काल. तुमच्या फाटकाजवळच्या बाकावर बसले होते. मी म्हटलं, अता, शोल्पन आली की! आजीनं दाखवली मला. तर म्हणाले, तुमच्याकडे आली असेल, बाळ. आमच्याकडे अजून नाही. आमच्या सूनबाईची झोप पुरी झाली की उगवेल.”

मुलं फसकन हसली. “अतांचं डोकं फिरलंय,” कुणीतरी म्हणालं.

“हसू नका,” मारिपा म्हणाली. आवाज इतका हळू होता की मुलं खरोखरच गप्प झाली. ती वाकून दाणे गोळा करू लागली. ज्वारीचा दाणा गवतात पडला होता, तो शोधायला तिला बराच वेळ लागला. मुलं वर्गात गेली तरी ती तिथेच बसलेली होती.

कढई परत दिली तेव्हा बारा वाजून गेले होते. कुल्यानने ती तशीच चुलीवर चढवली.

“उद्या सकाळची धार काढशील माझ्या गाईची?” मारिपाने विचारलं. “संध्याकाळचीही कदाचित.”

“काढीन. कुठे निघालीस?”

“येते संध्याकाळपर्यंत.”

घरी येऊन तिने कणीक मळली आणि सात शेल्पेक तळले. तेलाचा वास घरभर झाला. तो गेलेल्यांपर्यंत पोचतो, असं सासू म्हणायची. अता भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी वास घेतला आणि दुआ पुटपुटून दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवले. सातही शेल्पेक तिने स्वच्छ फडक्यात बांधले. मग गाडीत पाणी भरलं, चाकांतली हवा पाहिली, आणि अंधार पडताच झोपली. कित्येक महिन्यांत झोपली नव्हती तशी.

पहाटे जाग आली ती शांततेने. कडी वाजली नव्हती. तिने हातपाय धुतले, नमाज पढली. दोन रकाती, मोजून दोन. मग अंगणात गेली. गुरू वर होता, गाढवांना फसवणारा, आपल्या जागी. आणि टेकडीवर ती आली होती.

अतांच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. मारिपाने रुमालाची गाठ पुन्हा नीट बांधली आणि उंबऱ्याबाहेर उभी राहिली.

“अता.”

“हं.”

“उठा.” शब्द जिभेवर आला आणि तिथेच अडकला. लग्नाच्या पहिल्या वर्षी एकदा चुकून निसटता निसटता राहिला होता, तेव्हा सासूनेच तिच्या ओठांवर बोट ठेवलं होतं, हसत. “उठा, अता. शोल्पन उगवली.”

आत खाट करकरली.

“गाढवमाऱ्या तर नाही ना?” मग अंधारातून आवाज आला.

“नाही.”

“नीट बघितलंस?”

“नीट बघितलं.”

रजई बाजूला सरली. अतांनी पाय खाली सोडले. पायांत बूट होते.

ते काठी टेकत दारापर्यंत आले आणि तिच्यासमोर थांबले. टेकडीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मोतीबिंदू पडलेले डोळे तिच्या चेहऱ्यावर काही तरी शोधत होते.

“झोप झाली, सूनबाई?”

“झाली, अता,” ती म्हणाली, आणि शेल्पेकांचं गाठोडं उचलून गाडीकडे चालू लागली.