पिवळा ओरखडा

सगळी गल्ली तिला सिस्टर म्हणायची. इस्पितळातून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. नवऱ्याची मूत्रपिंडं कामातून गेल्यापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार ती त्याला आपल्या निळ्या गाडीतून डायलिसिसला न्यायची आणि चार तासांनी घरी आणायची. एकुलती एक लेक दुसऱ्या गावी नोकरीला. फोनवर तिचं एकच पालुपद असायचं, "आई, गाडी चालवणं बंद कर बाई आता."

"का? मी काय म्हातारी झाले?" सिस्टर उडवून लावायची.

पण गेल्या काही महिन्यांत गाडीच्या डाव्या अंगावर ओरखडे उमटायला लागले होते. कधी फाटकाला घासायची, कधी कुंडीला. लेकीच्या नजरेला पडू नयेत म्हणून सिस्टर ते घरच्या घरी घालवायला शिकली. जखमा बांधण्यात आयुष्य गेलेले हात, त्यांना हे काम लगेच जमलं. जागा धुवायची, कोरडी करायची आणि ओरखड्यावरून नख फिरवायचं. नख अडकलं नाही तर ओरखडा वरवरचा. मऊ कापडावर बोटभर रबिंग कंपाउंडची पेस्ट घेऊन गोल गोल घासलं की गेला. नख अडकलं तर मात्र भोवती चिकटपट्टी लावायची, बारीक पॉलिशपेपर साबणाच्या पाण्यात भिजवून हलक्या हातानं फिरवायचा, मग टचअपचा रंग आणि शेवटी पॉलिश. एकदा जोर जास्त झाला आणि बॉनेटवर तळहाताएवढा धुरकट डाग पडला. त्याला चमक आणता आणता तीन दुपारी गेल्या.

"माझ्यापेक्षा गाडीचीच सेवा जास्त चाललीय," नवरा खिडकीतून म्हणायचा.

"तुम्हाला घासून चमक येणार असती, तर केव्हाच घासलं असतं," ती म्हणायची.

मंगळवारी दुपारी तो झोपल्यावर ती कापड आणि बादली घेऊन बाहेर आली. डाव्या बाजूच्या मागच्या दारावर वीतभर लांब ओरखडा होता, आणि त्यात पिवळा रंग भरला होता.

सिस्टर बघतच राहिली. आजवरचा प्रत्येक ओरखडा तिला ठाऊक होता. कुठे लागलं, कसा आवाज आला, सगळं. याचा आवाजच तिला आठवेना.

सवयीनं तिनं कंपाउंड लावलं आणि घासायला घेतलं. पिवळा रंग कापडावर उतरला. कशाचा असेल हा? फाटक काळं, कुंड्या लाल. रस्त्यावर काम करणारी माणसं पिवळी जाकिटं घालतात. सायकली पिवळ्या असतात. अपघात विभागात तिनं उभं आयुष्य काढलं होतं. स्ट्रेचरमागून धावत येणाऱ्या माणसांचं बोलणं तिच्या कानात अजून होतं. कोण ठोकून गेलं कळलंच नाही हो, थांबलासुद्धा नाही मेला.

तिनं कापड बाजूला ठेवलं. आणि इतके दिवस जे करायचं टाळलं होतं ते केलं. गाडीसमोर उभी राहिली, तळहातानं उजवा डोळा झाकला आणि नंबरपाटीवर नजर लावली. तिच्या डाव्या हाताचा बॉनेटचा कोपरा नव्हता. तिकडचा आरसा नव्हता. अंधार नव्हता, काळोख नव्हता. नुसतं काहीच नव्हतं. हात काढला आणि आरसा जागच्या जागी आला.

तिनं पायरीवर बसून चपला घातल्या आणि चालत निघाली, कालच्याच वाटेनं, इस्पितळाच्या दिशेनं. डावीकडची, उजवीकडची प्रत्येक पिवळी वस्तू तपासत. टपालपेटी, दुकानाची पाटी, कठड्याची पट्टी. कुठेच निळा रंग लागलेला नव्हता. प्रत्येक वेळी तिला आधी हायसं वाटायचं आणि लगेच मनात यायचं, वस्तू नसेल तर मग माणूस?

पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर एक चावीवाला पदपथावर टेबल मांडून बसायचा. टेबल पिवळं होतं. त्याचा एक पाय मोडला होता आणि खाली विटा रचल्या होत्या. कडेला निळा ओरखडा होता.

"दादा, हे काय झालं?" तिनं विचारलं.

"काय सांगू ताई! काल दुपारी एक निळी गाडी वळली ती थेट पदपथाच्या कडेला घासत गेली. माझा हा गुडघा वाकत नाही, म्हणून पाय पुढे पसरून बसतो. ऐन वेळेला ओढून घेतला. टेबल उलटलं, सगळ्या चाव्या रस्त्यावर. मी बोंब ठोकली, पण गाडी गेली आपली सरळ. असेल कोणी मस्तवाल पोरगं."

"मी होते ती," सिस्टर म्हणाली.

चावीवाल्यानं तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. पांढरे केस, हाताला लागलेलं कंपाउंड.

"तुम्ही? मग थांबला का नाहीत?"

"मला कळलंच नाही. काचा बंद, गाडीत मी एकटीच."

तो रागावेल, चार शब्द सुनावेल, असं तिला वाटलं होतं. पण त्याचा चेहरा उतरला. त्यानं आखडलेला पाय हातानं धरून हळूच टेबलाखाली ओढला, जणू ती आत्ताही गाडीतच बसली होती.

"ताई," तो म्हणाला, "पुन्हा नका चालवू."

घरी येऊन तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. तो भिंतीकडे तोंड करून ऐकत होता.

"मग उद्या मी कसा जाणार?" त्यानं विचारलं, आणि विचारल्याचीच त्याला लाज वाटली. "तसं नव्हे गं. तुझ्या डोळ्याचं काय?"

तिनं लेकीला फोन लावून तेच सांगितलं. ओरडा खायची तयारी ठेवली होती, पण लेक ओरडली नाही. म्हणाली, "उद्या टॅक्सीनं जा. मी उद्याच्या रात्रीच्या गाडीनं निघते. आणि आई, किल्ली बाबांकडे दे. आत्ता. माझ्यादेखत."

"फोनवर कसलं देखत?" सिस्टर म्हणाली खरी, पण किल्ली दिली.

बुधवारी नवऱ्याला यंत्राला जोडलं आणि ती वरच्या मजल्यावर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी थेंब टाकले, तपासण्या केल्या. डाव्या डोळ्याची नस बरीच सुकली होती. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली टिकवायचा प्रयत्न करू, डॉक्टर म्हणाले. आणि उजव्यातही सुरुवात झालीय.

खाली येऊन ती नवऱ्याच्या खाटेशेजारी स्टुलावर बसली.

"काय म्हणाले?"

तिनं शब्दन् शब्द सांगितला, काही झाकलं नाही. नळ्यांतून त्याचं रक्त संथपणे फिरत होतं. तीस वर्षं ती इतरांना घाबरू नका म्हणत आली होती.

"भीती वाटतेय हो मला," ती म्हणाली.

"मलाही," तो म्हणाला, आणि मोकळा हात तिच्याकडे सरकवला.