फाट्याचं खालचं तोंड

सोमवारी सकाळी कॉम्प्युटरवर गावच्या पुराचं मॉडेल उघडलं आणि नदीचा जुना फाटा गायब! नदी जागच्या जागी, रेल्वेचा पूल जागच्या जागी, गावाभोवतीचा ठरलेला नवा बांधही दिसत होता. पूर्वेकडून वळसा घालून पुलाच्या जरा अलीकडे परत नदीला मिळणारी फाट्याची रेघ तेवढी कुणीतरी पुसून टाकली होती.

कुणीतरी म्हणजे कोण, हे विचारायचीही गरज नव्हती. माझ्या फायलीला हात लावायची हिंमत ऑफिसात एकट्या कर्टिसची. तो मालक. मी अंगातला कोटसुद्धा न काढता तडक त्याच्या खोलीत गेले.

"फाटा कुठाय?"

"ये, लिओना, बस. कॉफी घेणार?"

"कॉफी गेली खड्ड्यात. फाटा कुठाय?"

"अगं, त्या एका शाखेपायी मॉडेल सारखं बंद पडत होतं. ती काढली आणि एका दमात चाललं बघ. किती छान!"

"मग नदीच काढून टाक ना. आणखी छान चालेल!"

तो हसला. माझं डोकं फिरलं की तो असाच हसतो, लहान पोराचा हट्ट बघावा तसा. मला त्या हसण्याची मनस्वी चीड आहे.

मॉडेल बंद पडत होतं हे खरं. शाखा मांडायची म्हणजे तिची रेघ काढायची, जागोजागी पात्राची खोली भरायची, वरचं तोंड नदीला जोडायचं, खालचं तोंड नदीला जोडायचं. पण आमचा फाटा वर्षातले दहा महिने कोरडा. लोक त्यात गवत कापतात. पाणी शून्यावर गेलं की हिशेब अडतो आणि सगळं ठप्प होतं. त्यावर उपाय आहे, आणि तो या धंद्यात कालच्या पोरालाही ठाऊक असतो: शाखेत हिशेबापुरतं घोटाभर पाणी कायमचं ठेवून द्यायचं. मी शुक्रवारी तेच करून ठेवलं होतं. मॉडेल चालत होतं. आणि फाट्याकाठची सगळी घरं पाण्यात दाखवत होतं.

खरी गोम इथे होती. घरं पाण्यात, म्हणजे गावाचा नवा बांध त्यांच्या पलीकडून न्यावा लागणार. कर्टिसने तर पंचायतीला आधीच सांगून टाकलं होतं की बांध रेल्वेलाइनपाशी संपेल.

"फाट्याच्या वरच्या तोंडाला लोखंडी दार आहे," तो म्हणाला. "वसंतात ते बंद असतं. पाणी आत शिरणार कुठून?"

"खालून!" मी ओरडले. "आपली नदी उत्तरेला वाहते, कर्टिस. वरचा, दक्षिणेकडचा बर्फ आधी वितळतो, खालचा तसाच घट्ट. पुलाला बर्फ अडकला की पाणी मागे फिरतं आणि फाट्याच्या खालच्या तोंडातून आत चढतं. तुझ्या त्या दाराला विचारतंय कोण?"

"हे बघ, तुझी मावशी तिथे राहते. तुझं मन तिकडे ओढणारच. मी समजू शकतो."

समजू शकतो म्हणे! टीना मावशी तिथे राहते म्हणूनच मला ते खालचं तोंड माहीत होतं. लहानपणी त्याच तोंडाशी आम्ही पाण्यात काड्या सोडायचो, आणि एप्रिलमध्ये त्या काड्या उलट्या, घराकडे यायच्या. पण हे याला कोण सांगणार? याने ती जागा फक्त गाडीच्या काचेतून पाहिलेली.

त्याने नकाशा माझ्यापुढे सरकवला. "शिक्का मार. बुधवारी गावात सभा आहे."

इंजिनियरच्या शिक्क्याशिवाय असा नकाशा आमच्याकडे कुणी हातात धरत नाही. माझ्या करंगळीत लोखंडी अंगठी आहे, शिक्षण संपताना इथल्या प्रत्येक इंजिनियरला मिळते तशी. सही करताना ती टेबलावर घासते, मुद्दाम, आपण काय करतोय याची आठवण राहावी म्हणून. कर्टिसच्या करंगळीतही तीच अंगठी. मी त्याच्या बोटाकडे बघितलं आणि मला शिसारी आली.

"मरून गेले तरी मारणार नाही," मी म्हणाले.

"ठीक आहे. मी मारतो." आणि त्याने माझ्यादेखत मारला.

बुधवारची सभा कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावर दगड सरकवायच्या खेळाच्या हॉलमध्ये होती. बायकांनी रुबार्बच्या आंबट देठांचे केक कापून ठेवले होते, कॉफीचं पातेलं उकळत होतं. मी मागच्या रांगेत हात बांधून बसले. तू बोलायचं नाहीस, असं कर्टिसने गाडीत दोनदा बजावलं होतं. भिंतीवर नकाशा पडला. गाव कोरडं, रेल्वेलाइन कोरडी, फाट्याकाठ कोरडा ठणठणीत. पंचायतीचा प्रमुख ऑर्विल कोझाक समाधानाने मान डोलवत होता.

टीना मावशी उठली. गुडघे धरत, पण आवाज खणखणीत.

"आमचा फाटा दिसत नाही यात."

"दिसणार नाही, मॅडम. वरचं दार बंद असतं. त्यात पाणी वाहत नाही."

"वाहत नाही, चढतं. लिओना, तू केलास ना हा नकाशा? मी एप्रिलमध्ये माझ्या घरात झोपायचं का, सांग."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. कर्टिसच्या डोळ्यांत सरळ धमकी होती.

"नाही, मावशी," मी उभी राहिले. "झोपायचं नाही. हा नकाशा माझा नाही. माझ्या नकाशात तुझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत पाणी आहे. याने फाटाच काढून टाकलाय."

"काढून टाकला नाही!" कर्टिस भडकला. पहिल्यांदाच त्याचं ते हसू गेलं. "ती शाखा घातली की मॉडेल बंद पडत होतं! सारखं बंद पडत होतं! मी काय करायला हवं होतं?"

ऑर्विलने केकची बशी खाली ठेवली.

"थांबा जरा," तो म्हणाला. "तुमच्या कॉम्प्युटरला झेपेना म्हणून तुम्ही आमचा फाटा बुजवलात?"

मग खुर्च्या सरकल्या, लोक एकदम ओरडायला लागले, आणि ज्यांनी वर्षानुवर्षं तोंड उघडलं नव्हतं ते म्हातारेसुद्धा बोटं नाचवत पुढे आले. बांधाचा ठराव बाजूला पडला. या वसंतासाठी फाट्याकाठच्या घरांभोवती माती आणि वाळूच्या पोत्यांची भिंत घालायची, असं त्याच रात्री ठरलं.

दुसऱ्या दिवशी कर्टिसने माझ्याकडे ऑफिसची किल्ली परत मागितली. मी ती त्याच्या टेबलावर आपटली. बोलायचं खूप होतं, पण त्याच्यासमोर मला रडायचं नव्हतं.

एप्रिलमध्ये पुलाला बर्फ अडकला. पाणी आलं ते गाजावाजा न करता, खालच्या तोंडातून. वरचं दार बंदच होतं. गवताच्या काड्या तरंगत उलट्या घराकडे येत होत्या. अख्खं गाव पोती भरायला लोटलं. भिंत टिकली. भिंतीच्या बाहेर पाणी मावशीच्या खिडकीच्या चौकटीला आलं होतं, मी दाखवलं होतं तिथेच. मला आनंद वगैरे काही झाला नाही. संताप तेवढा पुन्हा वर आला.

तेवढ्यात फोन वाजला. कर्टिस!

"लिओना, तू तिथेच आहेस ना? आम्ही ती शाखा परत घालतोय. पाण्याची पातळी हवी होती. जरा मोजून पाठवतेस? आम्हाला रस्ता बंद आहे, शिवाय कंबरेपर्यंतचे बूट नाहीत कुणाकडे."

त्याचा आवाज शेजारी मावशीलाही ऐकू गेला होता. मावशीने फोन माझ्या हातातून ओढून घेतला.

"कर्टिस, मी टीना बोलतेय. माझं अंगण तुझ्या नकाशात कोरडं आहे ना रे? शिक्का आहे ना त्यावर तुझा? मग बूट कशाला हवेत? मोजे घालून ये."

तिने फोन बंद केला, माझ्या खिशात कोंबला आणि पुढचं पोतं उचलायला वाकली.