गुडघाभर कापूस

"चन्ना, थांब! ती म्हशीची सरकी न्हाय!"

सिद्धेश्वरी ओरडत परसात आली, तोवर म्हशीनं घमेल्यात तोंड घातलं होतं. चन्नवीरनं घमेलं आपल्याकडे ओढलं, म्हशीनं स्वतःकडे. म्हैस जिंकली. त्यानं माळ्यावरून उतरवलेल्या गाडग्याच्या तळाशी पसाभर सरकी उरली, तेवढीच.

बिचाऱ्याचा तरी काय दोष? सरकी जनावरांच्या आंबोणात घालायची, एवढंच आता अक्कलकोटकडे पोराटोरांना ठाऊक. पेरायचं बी दुकानातून पाकिटात येतं. पण ही सरकी देशी कापसाची होती, त्यांच्या आईच्या वेळची. थोरली बहीण सिद्धेश्वरी दरसाल तिच्या चार ओळी लावायची आणि बी राखून ठेवायची.

सिद्धेश्वरी मटकन खाली बसली. "आई जाताना दोनच गोष्टी माज्या हातात देऊन गेली," ती म्हणाली. "तू आनि ही सरकी. तू तर दांडगा झालास बाबा. हिचा वंश मात्र बुडतोय बघ."

"पुडच्या साली पेरू की, अक्का."

"गेल्या साली पाऊस न्हवता म्हनून तशीच ठिवली. आनखी येक साल ठिवली तर उगवायची न्हाय. आत्ताच लावायची."

आत्ता म्हणजे गणपती तोंडावर आलेले. यंदा पावसानं इतका उशीर केला की कापसाची वेळ केव्हाच टळली होती. बियाण्यांचा दुकानदार मल्लप्पा तर पोट धरून हसला. "आता लावून काय शिमग्याला वेचनार?" चन्नवीरही त्याच्याबरोबर हसला आणि घरी येईपर्यंत त्याला त्या हसण्याची लाज वाटू लागली.

सिद्धेश्वरीनं सरकी शेणकाल्यात चोळली, दाणा दाणा सुटा केला आणि विहिरीजवळच्या तुकड्यात टोकली. चन्नवीरनं तिला खिजवायला शेजारच्या ओळींत पाकिटातलं उरलेलं संकरित बी लावलं.

दिवाळीपर्यंत त्याचीच सरशी होती. संकरित झाडं कमरेला लागली, हिरवीगार. देशी कापूस गुडघ्यापाशी येऊन थांबला. बहिणीची थट्टा करायची त्यानं केव्हापासून ठरवलं होतं, पण ती खुरटी झाडं बघून त्याची जीभ उचलेना.

"वाडंनाच की गं ही," तो म्हणाला.

"वाडायला येळ कुटं हाय तिला?" म्हणत ती खुरपत राहिली.

मग थंडी पडली. संकरित झाडांची पानं लाल झाली, पात्या, म्हणजे कोवळ्या कळ्या, गळून सरीत पडू लागल्या. सोलापुरात संक्रांतीची गड्ड्याची जत्रा भरली त्या सुमारास एका सकाळी चन्नवीर तुकड्यात गेला आणि जागच्या जागी उभा राहिला. गुडघाभर उंचीची ती झाडं बुडापासून फुटली होती. मातीला टेकलेल्या फांदीवरसुद्धा बोंड होतं आणि ते उघडलेलं होतं. उंच व्हायचा नाद सोडून त्या झाडांनी होतं नव्हतं ते सगळं बोंडांत घातलं होतं.

"अक्का," त्याचा आवाज आपोआप खाली आला, "येळ कमी हाय म्हनून हिला कुनी सांगितलं गं?"

"कोन सांगनार? कळतंय की."

सिद्धेश्वरी वेचत होती. एवढ्या बुटक्या झाडांपुढेही तिला इतरांइतकं वाकावं लागत नव्हतं. आई गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि चन्नवीर पाळण्यात. त्या दिवशी ती चुलीपुढे बसली, ती पुन्हा खेळायला म्हणून गेलीच नाही. पुढे स्थळं आली, तर "याचं कोन बगंल?" म्हणून तिनं ती परत पाठवली. गाव तिला बुटकी म्हणायचं. हे सगळं चन्नवीरला जन्मभर ठाऊक होतं, पण दिसलं मात्र आज.

"बगत काय उबा ऱ्हायलास? वटा भरला माजा. धर की."

त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढला आणि दोन्ही हातांनी पसरून तिच्यापुढे सरीत गुडघे टेकले. ती पदराच्या ओट्यातला कापूस मुठीमुठीनं त्यात टाकू लागली. लहानपणानंतर पहिल्यांदाच तो अक्काच्या तोंडाकडे मान वर करून बघत होता.