निळ्यावर फासलेला क्रीम

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. निळा दरवाजा, असं सांगायची माझी फार इच्छा आहे; पण सध्या मी क्रीम रंगाचा आहे आणि तो रंग मला मुळीच आवडत नाही.

पिंपरीत संत तुकाराम नगराजवळच्या एका बैठ्या घराला खंडूने मला बसवलं. तो लातूरकडून येऊन कंपनीत लागला होता. तिथे नवी मशीन आली की पॅकिंगच्या पेट्या मोडत, आणि कामगार गेटपास काढून त्यांच्या फळ्या घरी नेत. मी अशाच फळ्यांचा. दर वर्षी भीमजयंतीच्या आधी खंडू मला निळा ऑइलपेंट द्यायचा. लोक पत्ता सांगताना म्हणत, "निळ्या दरवाजापासून डावीकडे." मला त्याचा भारी तोरा होता.

पुढे खंडू गेला. त्याची बायको गिरजाबाई गुडघ्यांनी अधू झाली. घरासमोरच्या उंच पायऱ्या तिला चढवेनात. म्हणून मुलाने, धम्मरत्नने, रहाटणीत लिफ्ट असलेला फ्लॅट पाहिला. पण हे घर विकल्याशिवाय तो घेता येत नव्हता.

सुजित नावाचा एजंट आला. गळका नळ बदला, फरशी घासून घ्या, भिंतींना रंगाचा एक हात मारा, कमी खर्चात घर उठून दिसतं, असं त्याने सांगितलं. सल्ला चांगला होता. मग तो माझ्याकडे वळला.

"आणि भावा, हे निळं काढून टाक. गिऱ्हाईक दारातूनच परत जातं."

"का रं बाबा?" गिरजाबाईने विचारलं.

"आजी, तुम्हाला कळतंय की."

धम्मरत्नने माझ्यावर क्रीम फासला. घासायची मजुरी नको म्हणून खालचं निळं तसंच राहिलं. मी जळफळत उभा राहिलो.

रविवारी चाकणच्या कंपनीतले एक गृहस्थ बायकोला घेऊन आले. घर पसंत पडलं. "दार छान केलंय हं," बाई म्हणाल्या. चहा आला. मग गृहस्थांनी हसतच विचारलं, "आडनाव काय आपलं? म्हणजे, मूळचे कोण तुम्ही?"

"लातूरकडचे," धम्मरत्न कसाबसा म्हणाला.

"आमी बौद्ध हाय, दादा," गिरजाबाई म्हणाली. "दार निळं होतं आमचं."

बाईंनी न प्यायलेला कप खाली ठेवला. "कळवतो," म्हणून दोघं गेली, ती गेलीच.

"आई, काय गरज होती? तुझ्या गुडघ्यांसाठीच चाललंय ना सगळं!"

"माझ्या गुडघ्यांचं मी बघीन. तुझ्या बापानं कुणापुढं नाव लपवलं न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून ती भाजी चिरून झाली की त्याच सुरीने कडीजवळचा क्रीम खरवडू लागली. काल धम्मरत्नने तिच्या हातातली सुरी काढून घेतली. झालं, आता हेही बंद, असं मला वाटलं. तो खाली बसला आणि स्वतःच खरवडू लागला.

मित्रांनो, घर विकण्याआधी नळ दुरुस्त करा, बिजागऱ्यांना तेल घाला, दाराला रंगही द्या. पण घर बघायला जाल तेव्हा घर बघा, माणसाची जात विचारू नका.

पुढचं गिऱ्हाईक शनिवारी येणार आहे. ते मला बघून दारातूनच परत गेलं तर खुशाल जाऊ दे. गिरजाबाई मात्र अजून गुडघे धरून त्याच उंच पायऱ्या चढते आहे.