तळ्याअलीकडे सुटलेला बूट

मित्रांनो, मी उजव्या पायाचा एक जुना ट्रेकिंगचा बूट आहे. माझा डावा भाऊ इथे शेजारीच आहे, पण तो फारसा बोलत नाही. त्याच्या हातून काही चूक झाली नाही, म्हणून त्याला सांगण्यासारखेही काही नाही. बोलायचे आहे ते मला.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. वर चामडे, आत जाळीचे अस्तर, खाली खाचा असलेला रबरी तळ आणि या दोहोंच्या मध्ये फोमचा एक मऊ थर. हा थर बाहेरून दिसत नाही. पण दगडाचा घाव तोच सोसतो आणि पायाला सुखात ठेवतो. माझ्या बाबतीत जे काही बिघडले, ते या न दिसणाऱ्या थराचेच बिघडले.

दुबईतल्या एका मॉलमध्ये मला राजाभाऊंनी विकत घेतले. राजाभाऊ मूळचे पुण्याचे, इथे जुमेरा लेक टॉवर्समध्ये एका कंपनीत एसीच्या यंत्रणेचे इंजिनिअर होते. पत्नी विभावरी आणि सात वर्षांची मुलगी केया यांच्यासह ते दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये राहत. दुकानात त्यांच्याबरोबर त्यांचे सहकारी खैरुद्दीन होते. ते रत्नागिरीचे. त्यांनी मला उलटे करून तळ दाबून पाहिला आणि म्हणाले, "राजाभाऊ, हेच घ्या. डोंगरात शूज चांगले हवेत, बाकी सगळं चालतं."

पुढची सहा वर्षे मी राज्य केले, असे म्हटले तरी चालेल. नोव्हेंबर ते मार्च, जवळजवळ दर शुक्रवारी आम्ही डोंगरात जात असू. तेव्हा सुट्टी शुक्रवारी असे. पहाटे गाडी निघे, दीड तासाने रस्ता संपे आणि कोरड्या वादीतून पायवाट सुरू होई. वादी म्हणजे पावसाळी ओढ्याचे पात्र. वर्षभर त्यात फक्त गोटे असतात. त्या गोट्यांवरून, मग उघड्या तपकिरी उतारावरून दोन तास चढले की एक खिंड लागते. खिंडीच्या पलीकडे, चारही बाजूंनी डोंगर असलेल्या खळग्यात, एक तळे आहे. एका छोट्या बंधाऱ्यामागे पावसाचे पाणी साठून ते झाले आहे. काठावर झाड नाही, टपरी नाही, माणूस नाही. पाणी हिरवे आणि इतके शांत, की एखादा चतुर किडा पाण्याला टेकला तरी वलय काठापर्यंत पोहोचताना दिसते.

ती जागा खैरुद्दीन यांनी दाखवली होती. राजाभाऊ तिथे बसले की आठवडाभराचे ऑफिस त्यांच्या अंगावरून उतरत असे. मला ते टाचांतून कळे. पाय सैल पडत.

केयाही येई. तिचे बूट माझ्या निम्म्याएवढे होते. उतरणीवर ती बाबांच्या बोटाला धरून माझ्याकडे बघत चाले आणि मी जिथे टेकलो, नेमका तिथेच आपला पाय टेकवी. "बाबाचे शूज कधीच स्लिप होत नाहीत," असे ती शाळेत सांगायची. खरेच, मी कधी घसरलो नाही. घरी परतल्यावर राजाभाऊ ओल्या फडक्याने मला पुसत, लेस सोडून सावलीत वाळवत. विभावरीताई हसून म्हणत, "अहो, एवढी सेवा माझी केलीत तर बरं होईल."

मग केया तेरा वर्षांची झाली. आधी क्लास आले, मग मैत्रिणी. एका सकाळी राजाभाऊ मला घालून दारात उभे होते. आतून केयाचा आवाज आला. ती फोनवर मैत्रिणीला सांगत होती, "इट्स सो बोरिंग, यार. देअर इज लिटरली नथिंग देअर. आय गो बिकॉज ही फील्स बॅड."

 राजाभाऊंनी खाली बसून माझी लेस सोडली. केया तयार होऊन बाहेर आली तेव्हा ते म्हणाले, "आज राहू दे गं. गुडघा जरा दुखतोय."

गुडघा दुखत नव्हता. मी त्या पायात होतो, मला माहीत आहे.

त्याच वर्षी खैरुद्दीन नोकरी बदलून अबू धाबीला, मोहम्मद बिन झायद सिटीत राहायला गेले. राजाभाऊंना सोबत उरली नाही. मला आणि भावाला एका प्लॅस्टिकच्या खोक्यात घालून बाल्कनीत ठेवले गेले. मित्रांनो, दुबईच्या बाल्कनीतला ऑगस्ट तुम्हाला माहीत असेल. बंद खोक्यात ती वाफ, तो दमटपणा, असे सहा उन्हाळे आम्ही काढले. बाहेरून चामडे चांगले दिसत होते. आतला थर मात्र शिळ्या केकसारखा भुसभुशीत होत गेला. बूट चालून झिजतो हे सगळ्यांना ठाऊक असते. पडून राहूनही तो मरतो, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

मग राजाभाऊंच्या निवृत्तीची तारीख आली. नोकरीबरोबर व्हिसाही संपणार, मार्चमध्ये पुण्याला कायमचे परतायचे ठरले. केया इथेच शिकत राहणार होती. सामान बांधता बांधता राजाभाऊ तिला म्हणाले, "जायच्या आधी एकदा तळ्यावर जाऊया? फक्त आपण दोघं."

"शुअर, बाबा. लेट मी चेक."

तीन शनिवार ती चेक करत राहिली. एकदा प्रोजेक्ट निघाला, एकदा कोणाचा वाढदिवस. फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी एकदाचा मुहूर्त लागला. आदल्या दिवशी खैरुद्दीन यांनी फोनवर बजावले होते, "जुने शूज घालू नका, राजाभाऊ. इथल्या हीटमध्ये तळ खलास होतो." राजाभाऊ म्हणाले, "अरे, नव्यासारखे आहेत." त्यांनी मला पुसले, लेस ओवली. किती वर्षांनी त्यांचा हात लागला होता. मला ओरडून सांगावेसे वाटले, की मला घेऊ नका. आणि खरे सांगतो, घेऊन चला असेही वाटले.

तासाभरातच माझ्या टाचेशी फट पडली. खालून भुगा गळू लागला. राजाभाऊंनी पाहिले. केया कानात इअरफोन घालून बरीच पुढे गेली होती. तिला हाक मारली असती तर ती परत फिरली असती, आणि दिवस तिथेच संपला असता. त्यांनी हाक मारली नाही. पिशवीतली बँडेजची पट्टी काढून मला घट्ट बांधले आणि ते चालू लागले. मी जीव मुठीत धरून त्या पट्टीला चिकटून राहिलो.

खिंड चढलो. पलीकडची उतरण सुरू झाली. तिथे एका सपाट, गुळगुळीत दगडावर पट्टी तुटली आणि माझा तळ अख्खाच्या अख्खा मागे राहिला. राजाभाऊंचा पाय मुरगळला, ते खाली कोसळले. घोट्याचे हाड मोडल्याचा आवाज माझ्या आतच झाला.

केयाने दोन मिनिटांनी मागे वळून पाहिले. ती धावत वर आली.

"बाबा! व्हाय डिडन्ट यू कॉल मी?"

"तू गाणी ऐकत होतीस ना."

फोनला रेंज नव्हती. ती पुन्हा खिंडीत चढली, तिथून फोन करून मदत बोलावली आणि परत आली. बचावपथकाचे लोक येतो म्हणाले, पण वेळ लागणार होता. तिने आपल्या जॅकेटची घडी करून त्यांच्या डोक्याखाली ठेवली.

राजाभाऊ म्हणाले, "तळं इथून पाच मिनिटांवर आहे. तू तरी बघून ये."

"नो. आय ॲम नॉट लीव्हिंग यू."

 त्यांनी विचारले, "तिथे तू थालीपीठाचे तुकडे माशांना घालायचीस. आठवतं?"

केयाने खाली पाहिले. खोटे बोलली असती तरी चालले असते. पण ती म्हणाली, "नॉट रिअली, बाबा. सॉरी."

"असू दे," राजाभाऊ म्हणाले आणि त्यांनी तोंड डोंगराकडे वळवले.

दोन तासांनी हेलिकॉप्टर आले. दवाखान्यात घोट्यात धातूची पट्टी आणि स्क्रू घातले. विभावरीताईंनी मला घातलेली पिशवी पाहिली आणि म्हणाल्या, "या मेल्या बुटांनी घात केला. फेकून द्या." केया शेजारीच होती.

खैरुद्दीन भेटायला आले होते. त्यांनी मला हातात घेऊन अंगठ्याने दाबले, भुगा जमिनीवर पडला. "बूट वाईट नव्हता, वहिनी," ते म्हणाले. "सहा वर्षं कोणी बाहेर काढला नाही, त्याचं हे झालं." हे ऐकून केया उठून बाहेर गेली.

मार्चमध्ये ते चाकाच्या खुर्चीतून विमानात बसले. घोटा नीट जुळला नाही. आता पुण्यात ते काठी घेऊन सोसायटीच्या बागेपर्यंत जातात, असे खैरुद्दीन यांच्या फोनवरून मला कळते. केया मात्र त्यानंतर एकदाही तळ्याकडे गेलेली नाही.

मला खैरुद्दीन यांनी आपल्याकडे ठेवून घेतले आहे. सुट्टीच्या दिवशी ते आता मुलांना ट्रेकला नेतात. डोंगरात निघण्यापूर्वी पार्किंगमध्ये ते तुमच्यासारख्या मुलांना गोल उभे करतात, मला वर धरतात आणि सांगतात, बघा, असा बूट घालायचा नसतो. तुम्ही नाक मुरडता. सहा वर्षांत मी एकदाही घसरलो नाही, हे तिथे कोणी सांगत नाही. खैरुद्दीनही नाही. घाईत असतात. ऊन चढायच्या आत निघायचे असते.

म्हणून मीच सांगितले. मित्रांनो, घरी गेलात की बाल्कनीतले खोके उघडा. आपल्या आईबाबांचे बूट बाहेर काढा, अंगठ्याने तळ दाबून बघा. तळ भुसभुशीत लागला तर ते टाकून नवे आणा, त्याचे मला वाईट वाटणार नाही. पण त्याआधी त्यांना एक विचारा, हे घालून तुम्हाला कुठे जायचे होते? उत्तर मिळाले की तारीख बघत बसू नका. आणि वाटेत त्यांच्या मागून चाला. म्हणजे त्यांना हाक मारावी लागणार नाही.