भिंतीवरची वाट

आकाराम भावजींवर माझा संशय पयल्यापासनंच हुता. धाकटा दीर, तोंडात साखर, पोटात काय कुणाला ठावं! आमचं मालक, म्हंजे त्यांचा थोरला भाऊ, पलटणीसंगं लढाईवर गेल्यालं. घरचा ऊस एकटं भावजी बघत हुतं.

भावजींचं लगीन ठरलं, तवा सोप्याच्या भिंतीवर चित्र काढाय मिरजंचा तवनाप्पा पेंटर आला. नाटकाचं पडदं रंगवणारा गडी. मी बघाय गेले आन् माझं टकुरंच फिरलं. पुढं भावजी, बैल धरून, पुरुषभर उंच. आन् मालक? शेताच्या पार पल्याड, वाटंवर, जोंधळ्याच्या दाण्याएवढं!

"आवं पेंटर, थोरला बारीक आन् धाकटा मोठा? ही कुठली रीत?"

"बाई, वाट बघा की. जवळ रुंद, लांब निमुळती. लांबचं माणूस बारीकच काढायचं. तवाच भिंत आत आत गेल्यागत दिसती."

"आमच्या देवळात देव मोठा आन् चाकर बारीक काढल्यात. धनी कोण, ते त्यावरनंच कळतं."

लग्नाला समदी भावकी येणार, हेच बघणार. उद्या जमिनीवर नाव कुणाचं लागंल? ह्यात काळंबेरं हाय, मी वळखलं.

भावजी म्हणालं, "वैनी, दादाला लांब काढा म्हणून मीच सांगितलं..."

"बघा! आलं का भाईर! आता एक अक्षर बोलू नगा. पेंटर, मालकास्नी पुढं घ्या. भावजींच्या वर डोकं दिसलं पायजे."

पेंटरनं खडू उचलला. "घेतो की. फोटू हाय?"

"न्हाई."

"मग चेहरा सांगा. दाण्याएवढ्याला नाकडोळं लागत न्हाईत. पुढं आणलं की लागत्यात."

भावजींनी तोंड उघडलं.

"तुमी गप ऱ्हावा! बायकू मी हाय. मी सांगती."

"बरं. नाक कसं?"

आमचं लगीन मालकांच्या रजेत झालं आन् लगीच पलटणीचं बोलावणं आलं. दिवसा सासूसासऱ्यांम्होरं डोईवर पदर, मान खाली. राती दिवा मालवल्याला. मला त्यांचा खोकला ठावं हाय. पायाच्या अंगठ्याचं फुटकं नख ठावं हाय. आवाज तर भर बाजारात वळखीन. पर नाक?

पेंटर खडू धरून उभा. भावजींनी माझ्याकडं बघितलं आन् मान खाली घातली. लांब काढा म्हणून त्यांनी का सांगितलं, ते तवा मला कळलं: चेहरा इचारला तर मला सांगता याचा न्हाई, हे त्यांस्नी ठावं हुतं.

"ऱ्हाऊ द्या वाटंवरच," मी म्हणलं. "घरी आलं म्हंजे नीट बघीन, मग सांगीन."